तासवाल्या सरांचा चोर

विद्यापीठात सगळे त्यांना तासवाले सर म्हणायचे. कायमच्या प्राध्यापकांना खुर्ची असते, कपाट असतं, दारावर पाटी असते. यांना फक्त तास. सत्र संपलं की पुन्हा अर्ज करायचा आणि मॅडमच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, केबिनबाहेर बाकावर बसून राहायचं. विषय गुन्हेशास्त्र. माणूस गुन्हा का करतो आणि साक्षीदार बघतो एक, सांगतो भलतंच ते कसं, हे शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता.

या सत्रात मॅडमनी एक निवृत्त फौजदार आणून बसवला, आणि सरांचा जळफळाट काही थांबेना.

फौजदाराला ना पुस्तक लागायचं ना फळा. टेबलावर बूड टेकवायचा आणि सुरू. "एकदा काय झालं पोरांनो, प्रेत उचलायला गेलो तर प्रेतच म्हणालं, साहेब, पाणी द्या." पोरं हसून लोळायची. बाजूच्या वर्गात सर शिक्षेचे सिद्धांत शिकवत, आणि भिंतीपलीकडून खोखो ऐकू आलं की पोरांच्या माना तिकडं वळत. सरांना वाटे, खडू फेकून मारावा, पोरांना नव्हे, भिंतीला.

त्यात शिपायानं बातमी आणली. "सर, पुढच्या सत्राला एकालाच ठेवणारेत म्हणे. तुम्ही नाहीतर फौजदार."

घरी बायको म्हणाली, "मग तुम्हीही दोन गोष्टी सांगा की हसण्यासारख्या."

"मी काय तमासगीर आहे?"

"नाही ना, तीच तर पंचाईत आहे."

सरांकडे एक हुकमी धडा होता. दरवर्षी ते आपल्या मेहुण्याला चोर करायचे. भर वर्गात तो घुसायचा, काहीतरी उचलून पळायचा, आणि मग पोरांना विचारायचं, चोर कसा होता? पोरं तोंडाला येईल ते सांगायची. यंदा सरांच्या डोक्यात किडा वळवळला. चोर आपल्या वर्गात कशाला? फौजदाराच्या वर्गात सोडू. जन्मभर चोर धरलेला माणूस नाकासमोरच्या चोराचं वर्णन चुकला की त्याची झाकली मूठ उघडी पडेल. बघू मग कोण हसतं ते.

"दाजी, पण तो पोलीस आहे," मेहुणा म्हणाला. "धरलं तर?"

"ढेरी बघितलीस का त्याची? तू पळ फक्त."

ठरल्याप्रमाणे मेहुणा पुढच्या दारानं घुसला, टेबलावरची फौजदाराची पिशवी उचलली आणि मागच्या दारानं पसार झाला. आरडाओरडा झाला. मॅडम धावत आल्या, आणि व्हरांड्याच्या टोकाला दबा धरून बसलेले सर त्यांच्यामागोमाग आत शिरले.

"कसा होता तो?" मॅडमनी विचारलं.

एक म्हणाला लाल शर्ट, दुसरा म्हणाला काळा. एकीनं तर हातात सुरा पाहिला होता. फौजदार घाम पुसत म्हणाला, "उंच होता. दाढी होती. हो ना रे?"

सरांना उकळ्या फुटल्या. तिथंच तोंड शिवलं असतं तर निभावलं असतं, पण मत्सराला कुठला दम निघतोय!

"दाढी कुठली? साफ गुळगुळीत होता," सर म्हणाले. "निळा सदरा, बाह्या दुमडलेल्या. एका बुटाची नाडी सुटलेली. डाव्या कानामागं वस्ताऱ्याचा ओरखडा, ताजा."

फौजदारानं सरांकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"सर, तुम्ही तर आत्ता आलात, मॅडमच्या मागून. तो गेला मागच्या दारानं."

सरांना आता आपलाच धडा आठवला. साक्षीदार भेदरलेला असतो, तो अडखळतो, चुकतो. ज्याला सगळं घडाघडा येतं त्याला ते आधीपासून ठाऊक असतं. हे ते स्वतःच दरवर्षी घसा फोडून शिकवत.

फौजदार खाकरला. "अहो मॅडम, घाबरू नका. हा सरांचाच धडा. मला कालच सांगून ठेवलं होतं यांनी, मी नाटक करत होतो. कशी वाटली दाढी?"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडम खूश. "वा! मग पुढच्या सत्रात तुम्ही दोघं मिळूनच शिकवा. निम्मे तास यांचे, निम्मे तुमचे."

सर मान हलवत राहिले. पकडलं असतं तर बरं, असं त्यांना झालं. त्यानं सोडून दिलं, तेही सगळ्यांसमोर, आणि वर टाळ्याही त्याच्याच जिवावर. आता त्याच वर्गात, त्याच्याच शेजारी उभं राहून त्याच्या प्रेताच्या गोष्टीला हसायचं.

जिन्यात फौजदारानं त्यांना गाठलं. हळूच म्हणाला, "उद्या पिशवी तेवढी आणा. डबा आहे आत. चोर कोण तुमचा?"

"मेहुणा."

"पळतो झकास."

सर घरी आले तर मेहुणा पाटावर बसून बोटं चाटत होता. समोर फौजदाराचा डबा, रिकामा.

"दाजी, काय हात आहे हो त्या फौजदाराच्या बायकोचा! ताई, तू पण जरा शिकून घे तिच्याकडून."

बायकोनं एकदा भावाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "आणा त्या फौजदारांना एकदा घरी," ती म्हणाली. "माणूस गमतीचा दिसतोय."