कांतामावशीचे उरलेले दोरे

कांतामावशी गेली. आणि मी चोर आहे.

दोन्ही गोष्टी एकाच पोस्टमध्ये लिहायच्या आहेत. तीनदा लिहून डिलीट केलं. बदनापूर स्टेशनवर गाडीची वाट बघतेय. बसवत नाही, म्हणून प्लॅटफॉर्मवर चकरा मारत टाइप करतेय. चुका पोटात घाला.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, तू कोडिंग सोडून प्रॉडक्ट मॅनेजर कशी झालीस?
मी छान उत्तर देते. कॉलेजच्या पोरांसमोर तर स्लाइड लावून देते.

आज खरं उत्तर.

तेव्हा मी एका छोट्या कन्सल्टिंग फर्मसाठी काम करायचे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं काम आलं. मिरचीच्या शेडनेटमध्ये बाया क्रॉसिंग करतात. म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला हाताने लावायचा आणि त्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा. रोज किती फुलं झाली, ते कंपनीला मोबाइलवर हवं होतं.

ॲप मी बनवलं. पुण्यात बसून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

झाडांची एक ओळ संपली की आकडा भरा, मगच ॲपमध्ये पुढची ओळ उघडणार. कोड इतका देखणा होता की मीच तो परत परत वाचायचे.

डेटा आला. प्रत्येक ओळीत चाळीस.
चाळीस. चाळीस. चाळीस.

मला वाटलं, बग आहे. माझं माहेर बदनापूरचं, म्हणून फर्मने मलाच तिकडच्या शेडनेटवर पाठवलं. तिथे बायांच्या टोळीची मुकादम होती कांतामावशी. डोक्याला रुमाल, हातात क्रॉसिंगचा चिमटा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"मावशी, सगळीकडे चाळीसच कसे?"

"घरी गेल्यावर भरते. चहा ठिवते अन् भरते."

"अहो, पण ते खोटं आहे ना!"

"मंग काय करू? ऊन चढायच्या आत क्रॉसिंग उरकावं लागतं. फुलाकडं बघू का तुह्या मोबाइलकडं?"

मी म्हणाले, एका ओळीला दोनच मिनिटं तर लागतात. तिने चिमटा माझ्या हातात दिला.

"घे. एक ओळ कर. अन् मोबाइल बी भर."

पहिल्या पाच फुलांची मी वाट लावली. बोटं परागाने माखलेली, स्क्रीन बोट ओळखेना. बाया हसून हसून खाली बसल्या.

मावशी हसली नाही.

"पोरी, हे बनवायच्या आधी आमच्यातल्या एकीला तरी इचारलं होतं का?"

नव्हतं.

दुपारी डबा खाताना मी पहिल्यांदा विचारलं. तुम्हाला कसं कळतं, किती फुलं झाली ते?
तिने कमरेची पिशवी माझ्यासमोर उलटी केली. सकाळी ती प्रत्येक बाईला मोजून सारखेच दोरे द्यायची आणि काम संपलं की उरलेले परत घ्यायची.

"जितके दोरे गेले तितकी फुलं झाली. बिलकुल सोपं हाय. कामून डोकं खपवायचं?"

तीन महिन्यांचं काम मी फेकून दिलं. नव्या ॲपमध्ये एकच रकाना ठेवला, उरलेले दोरे. दिवसातून एकदा भरायचा, बस.

ॲप चाललं. पळालंच म्हणा.

जालन्याच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "ही आयडिया कुणाची?"

मावशीचं नाव जिभेवर आलं होतं.
मी म्हणाले, "आम्ही फील्ड स्टडी केला."

पुढे पुण्यातल्या इंटरव्ह्यूत तेच दोरे सांगितले, आणखी पॉलिश करून. समोरचे लोक खूश झाले. प्रॉडक्ट मॅनेजरची खुर्ची मिळाली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या आणि वर टाळ्या घेतल्या.

मावशी अधूनमधून फोन करायची. कशी हायस, जेवली का. दिवाळीनंतर म्हणाली, छातीत दुखतंय, काम सोडलंय.

"एकदा येऊन जाय. बाया तुही आठवण काढून राह्यल्या."

"हे रिलीज झालं की येते, मावशी."

ते झालं. मग दुसरं आलं. मी गेले नाही. खरं सांगू? वेळ होता. तोंड नव्हतं.

परवा तिची मुलगी सुनीता हिचा फोन आला, आई गेली म्हणून. आज घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली. लोक मावशीबद्दल दोन-दोन शब्द बोलू लागले. मी मागे, दाराजवळ उभी. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

सुनीता पाणी घेऊन आली.

"तुम्हीच का त्या ॲपवाल्या मॅडम?"

मी मान हलवली.

"एक इचारू? आई सगळ्याला सांगायची, ते ॲप माह्या डोक्यातून आलंय म्हणून. लोक हसायचे. मी बी हसायचे. म्हणायचे, आई, तू चौथी शिकलेली, कामून फेकून राह्यलीस? मंग तिनं सांगायचंच सोडून दिलं."

तिने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला.

"खरं होतं का ते?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी थोडंसं श्रेय ढापलं. कुणाचं काय बिघडलं, अशी मनाची समजूतही घातली होती. पण मावशीला तिच्याच घरात मी खोटं पाडलं होतं.

"खरं होतं," मी म्हणाले. "ते तिचंच होतं."

सुनीता रडली नाही. तिने माझा हात घट्ट धरला, गर्दीतून मला पुढे नेलं आणि माइकसमोर उभं केलं.

"आता हे सगळ्याला सांगा. जोरात."

सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. आणि ज्यांच्यासमोर मी वर्षानुवर्षं मिरवले, त्या तुम्हालाही आता सांगून झालं.

मावशी, तुला सोडून सगळ्यांना सांगितलं गं.

माफ कर. शेवटचा जय भीम.