सभेतला प्रोजेक्टरवाला

रामदासपेठेत हॉर्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगाविषयी आम्हा डॉक्टरांच्या सभा भरत. प्रोजेक्टरवाला रुग्णबायांच्या उघड्या अंगाची स्लाइड लावून पडद्याकडे पाठ करी. म्हणे, "एवढे साहेब पाहून राहिले, मी कशाले पाहू?"

एकदा अंडाशय काढल्यावर स्तनातली गाठ कशी विरली, हे दाखवायला मी माझ्या रुग्णबाईंनाच मंचावर आणलं. अध्यक्ष म्हणाले, "पदर काढा." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला लाज वाटली, पण मी हातातल्या कागदांकडे बघू लागलो. तेवढ्यात अंधार झाला.

"फ्यूज उडाला, साहेब. बाईले जाऊ द्या, वेळ लागन," प्रोजेक्टरवाला म्हणाला.

मी बॅटरी घेऊन पाहायला गेलो. फ्यूज शाबूत होता. त्याचा हात मेन स्विचवर होता, आणि तो काढत नव्हता.

"काय झालंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"फ्यूज उडालाय, सर," मी म्हणालो.