गुंडीचा शेक

जगात जे जे बिघडते ते आधी आवाज करते, असा माझ्या मामेसासऱ्यांचा सिद्धान्त होता आणि तो खोडून काढायला साक्षात देव आला असता, तरी मामांनी आधी देवाच्याच छातीला कान लावला असता. नवी मुंबईत पावणे इथल्या एका कारखान्यात ते फिटर होते. चालू मशिनला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि कुठले बेअरिंग जाणार ते सांगायचे, यात त्यांची हयात गेली. ही विद्या ते घरीही आणत. लग्नानंतर वाशीला त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा जेवता जेवता त्यांनी माझ्या मनगटी घड्याळाला कान लावला आणि म्हणाले, "जावईबापू, टेन्शन नाय घ्यायचं, पण हे दिवाळी बघत नाय." ते घड्याळ मी अजून वापरतो.

मामा-मामींना मूलबाळ नव्हते. गुंडी नावाची पांढरी पामेरियन कुत्री होती आणि बशीतले पहिले बिस्कीट तिचे असे. संध्याकाळी कारखान्याची बस आली की ती तिसऱ्या मजल्यावरून धडधडत उतरून फाटकाशी हजर. एका थंडीत ती उतरेनाशी झाली. दिवाणावर उडी मारेना, झोपून उठली की पाय ओढत चाले, मागचा गुडघा सारखा चाटत बसे आणि उचलायला गेले की गुरगुरे. मामी म्हणाल्या, "अहो, हिचं कायतरी दुखतंय." मामांनी गुंडीच्या गुडघ्याला रीतसर कान लावला. "आवाज कुठाय? वय झालं, शहाणी झाली ती." तरी खबरदारी म्हणून त्यांनी तिळाचे तेल चोळले. गुंडीने ते सगळे चाटून टाकले आणि पुढचा दिवसभर मामी फरशी पुसत होत्या.

मग एकदा मामा जिना चढत असताना मधल्या वळणावर गुंडी बसलेली दिसली. तेवढी उतरली होती. पुढे पाय टाकवत नव्हता आणि मागे जायची तयारी नव्हती. अंग थरथरत होते, तोंडातून चकार शब्द नाही. डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो होतो. सांधे चाचपून ते म्हणाले, "कुत्रं दुखणं लपवतं, ओरडत नाही. वजन उतरवा, थोडं थोडं फिरवा, शेक द्या, घसरू देऊ नका. आणि आपल्या दुखण्याच्या गोळ्या तिला द्यायच्या नाहीत, जिवावर बेतेल." परतताना रिक्षात मामा एवढेच बोलले, "ती गप सोसत होती आणि आमी कान लावून बसलेलो." मला फार वाईट वाटले.

त्यानंतर बिस्किटे बंद झाली. मामांनी स्वतःचीही सोडली. कांदा-बटाटा मार्केटातून गोणपाट आणून घरभर अंथरले, त्यामुळे घराला कांद्याचा वास आला. दिवाणाला फळीचा उतार ठोकला. जाडे मीठ तव्यावर गरम करून त्याच्या पुरचुंडीने रोज शेक सुरू झाला; मामा दिवाणावर बसत आणि गुंडी दिवाणाखाली पाय पसरून पडे. चटका बसू नये म्हणून मामा पुरचुंडी आधी स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून बघत. हे बघणे इतके लांबे की मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "गुंडीचा शेक तुमच्याच गुडघ्यावर निवतोय!" खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी हौसेने घेतलेले तिसऱ्या मजल्यावरचे घरही त्यांनी एका शेजाऱ्याशी बदलून तळमजला घेतला. "गुंडीला जिना नको," असे ते सगळ्यांना सांगत. जिना चढताना ते स्वतः कठडा धरतात, हे मामींना केव्हाच ठाऊक होते.

तळमजल्यावर गुंडी पुन्हा फाटकापर्यंत येऊ लागली. धावत नव्हे, पण येत असे, आणि मामा तिच्या चालीने घरी परतत. अशी काही वर्षे चांगली गेली.

ती गेल्यावर मी भेटायला गेलो. गोणपाट तसेच होते. मामींनी पुरचुंडी आणून मामांच्या हातात दिली. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, थोडा वेळ थांबले, "आता बेताची झाली," म्हणाले आणि सवयीने हात दिवाणाखाली नेला. तो हात त्यांनी बराच वेळ तिथून काढला नाही.