लाल सुताच्या उजेडात

आमच्या अंगणात बारा महिने लाल सूत वाळत असे. सोलापुरी चादरीचं सूत. नवरा शेजारच्या कारखान्यात सूत रंगवायचा आणि पिळलेल्या लडी आमच्या बांबूंवर वाळायला यायच्या. त्या फिरवायच्या आणि वाळल्या की नमुन्याशी ताडून पाहायच्या, हे काम माझं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण दोन लालांतला फरक मला जेवढा कळायचा तेवढा मालकालाही कळत नसे. ओलं सूत नेहमी असतं त्याहून गडद दिसतं, म्हणून वाळल्याशिवाय रंगाचा निकाल द्यायचा नाही. आणि लडी अंगणाबाहेर, रस्त्यावरच्या मोकळ्या उन्हात नेल्याशिवाय तर नाहीच. अंगणात सगळंच लाल दिसतं. भिंत, परातीतलं पीठ, माणसांची तोंडं. सुताच्या बाबतीत हे मला पाठ होतं. पोरीच्या बाबतीत सुचलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोन-तीन वर्षं झाली असतील. पोरगी चौदा वर्षांची, आठवीत. शाळेतून आली की मला लडी फिरवू लागायची. एक बादली उचलली की मध्येच टेकायची. कच्चे तांदूळ मुठीनं खायची, चुलीच्या मातीच्या खपल्यासुद्धा. मला वाटलं, आळस आणि जिभेचे चोचले.

"पालखी आणू का राणीसाहेबांना?" मी म्हणायची.

"आण की अव्वा," ती म्हणायची, आईला आमच्यात अव्वाच म्हणतात, आणि तिथंच बसायची. मग मी आणखी चिडायची. तिचे तळहात, नखं रंगानं लाल असत. गालही लाल दिसत. आजारी माणूस असं दिसतं होय?

त्या उन्हाळ्यात माझ्या माहेरी, मैंदर्गीला, भावाच्या मुलाचं बारसं होतं. आम्ही दोघी एस.टी.तून उतरून घराकडं आलो. माझी आई ओट्यावर बसली होती. तिनं पोरीची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"अगं, हिला काय झालंय? राखेगत दिसतीया की."

"तुला दिसायला कमी झालंय, अव्वा."

"मला कमी झालंय. तुला तर दिसतंय न्हवं?"

मी पाहिलं. मैंदर्गीच्या पांढऱ्या उन्हात माझी पोर दहा वेळा धुतलेल्या सुतासारखी दिसत होती. ओठांना रंग नाही. खालची पापणी ओढली तर आत कागदासारखं पांढरं. बारशाला मी थांबले, घुगऱ्या खाल्ल्या, पण कशाला चव होती ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पोरीची नखं पाहिली, कापसानं पुसली, रंग निघेना तेव्हा नाद सोडला आणि पापणी पाहिली. मागच्या खोलीत त्यांचा रक्त तपासणारा बसे. त्यानं बोटाला टोचून रक्त घेतलं. संध्याकाळी कागद मिळाला, पण बाई बाहेरगावी गेल्या होत्या, उद्या येणार. कागद इंग्रजीत. पोरीनं घरी एकेक अक्षर जोडून वाचलं, "हा-य-पो-क्रो-मि-क."

सासूबाई म्हणाल्या, "एवढं लांब नाव बारक्या रोगाचं नसतंय."

आमच्या गल्लीतला एक विणकर आदल्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेला होता. तोही असाच पांढरा होत गेला होता. हे घरात कोणी बोललं नाही, पण नवरा न जेवता उठला आणि मी त्याला आग्रह केला नाही. पोरगी तेवढी नीट जेवली. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

सकाळी दार उघडायच्या आधी मी दवाखान्याच्या पायरीवर होते, पोरगी रस्त्यापलीकडं उभी केली होती. बाई आल्या तसा कागद पुढं धरला.

"हे कॅन्सरचं नाव हाय का? व्हय का न्हाय तेवढं सांगा."

"नाही," बाई म्हणाल्या.

मी पायरीवरच बसले. बाईंनी हात धरून आत नेलं, मागून पोरीला बोलावलं.

"ग्रीक म्हणून एक जुनी भाषा आहे. तिच्यात रंगाला क्रोमा म्हणतात आणि हायपो म्हणजे कमी. रक्तात लोह कमी पडलंय, म्हणून रंग कमी पडलाय. एवढंच लिहिलंय."

"मग रंग कमी हाय असं मराठीत लिहायला काय झालं होतं? रातभर जीव खाल्ला ना माझा!"

मागच्या खोलीतला माणूस हसला. त्याची बोटं निळी-जांभळी होती. तोही रंगारीच निघाला. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, त्यावर रंग टाकायचा, धुवायचं, वाळवायचं, मग दुर्बिणीखाली धरायचं.

"या मावशी, बघा. ही माझ्या रक्ताची काच. आता ही पोरीची."

त्याच्या रक्तातले दाणे लाल, भरीव. पोरीचे बारीक, मध्ये पांढरे पडलेले, कडेला तेवढी लाल रेघ. ओल्या रंगावर पाण्याचा हंडा उपडा झालेल्या लडीसारखे.

"रंग धरला न्हाय," मी म्हटलं.

"बरोब्बर. आमच्यात रंगावरनं पडलेली नावं लई हायत. पेशीत धाग्यागत एक असतंय, एरवी दिसत न्हाय, रंग टाकला की तो पकडतंय, म्हणून त्याला क्रोमोसोम म्हणत्यात."

"म्हणजे सूतच की."

"सूतच, मावशी."

बाईंनी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगून ठेवलं. ते बरं केलं, नाहीतर सासूबाईंनी गल्ली गोळा केली असती. पण मी विचारलंच, गोळी लागू पडली हे कळणार कसं? बाई म्हणाल्या, दहा दिवसांनी पुन्हा रक्त पाहू.

ते दहा दिवस मी पोरीला एक बादली उचलू दिली नाही. लोकांना वाटलं मी सुधारले. मला फक्त दुसरा कागद हवा होता. तो आला तेव्हा त्यात पहिल्याहून लांब शब्द होता. पोरीनं दवाखान्यातच जोडून वाचला, पॉलिक्रोमेशिया. या वेळी मी कागद घरी नेलाच नाही, तिथंच टेबलावर ठेवला.

"ह्यात बी क्रोम हाय. किती रंग सांगा."

"अनेक," बाई म्हणाल्या. "नवीन दाणे तयार व्हायला लागलेत. कोवळे असतात तेव्हा त्यांच्यावर जरा निळसर झाक असते. पुढं लाल होतात. गोळी लागू पडली."

नवरा बाहेर सायकल धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, "रंग चढतोय." त्याला तेवढं पुरलं. सायकल फिरवली आणि कामावर गेला.

गोळ्या चार महिने चालल्या. रोज शाळेला निघताना मी पोरीला दाराबाहेर, रस्त्याच्या मध्यापर्यंत नेत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तिची पापणी खाली ओढून पाहत असे. मैत्रिणी हसत. ती वैतागायची.

"अव्वा, घरात बघ की!"

"घरात न्हाय कळत."

एका सकाळी पापणीच्या आत पिकल्या टोमॅटोसारखं लाल दिसलं. मी तिला वळवलं, दुसरा डोळा पाहिला. तोही तसाच.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं. आता संध्याकाळी आलीस की बादल्या तू उचलायच्या."