आत्यांच्या हातातली घंटा

सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, उजवी बाजू लुळी पडली आणि मी पासली गावातल्या घराच्या उंबऱ्याला बांधली गेले. आमचे मालक पुण्यात टेम्पो चालवतात. रविवारी येतात, आईचे पाय दाबतात आणि मला विचारतात, "कसं चाललंय?" चालायला मला जागा कुठं होती? वेल्ह्याचा बाजारसुद्धा वर्षभर बघितला नव्हता. मी मुळात तापट, त्यात कोंडलेली. भांडी आपटायची, तेवढाच जीव हलका व्हायचा.

आमच्याकडं भातलावणी इर्जिकीवर होते. आज मी गावातल्या बायकांच्या खाचरात वाकायचं, उद्या त्यांनी माझ्या. जी दुसरीकडं वाकत नाही, तिच्याकडं कोण येणार? माझी रोपं जून व्हायला लागली होती. लावणी चुकली तर वर्षाचं भात गेलं. घर सोडवेना, शेत सोडवेना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

शेवटी डोकं चालवलं. खुंटीवर मेलेल्या गाईची घंटा होती, ती आत्यांच्या डाव्या हातात दिली. "आत्या, काय लागलं तर वाजवा. मी खालच्या खाचरात हाय."

माझी अक्कल बघा. पलीकडं गावची गुरं चरत होती आणि सगळ्यांच्या गळ्यात घंटा. एक वाजली की मी चिखलातून पळत घरी. आत्या आपल्या शांत झोपलेल्या. परत जाऊन वाकले की दुसरी वाजायची. बायका हसून बेजार. शेजारीण म्हणाली, "अगं, ती आमची म्हस हाय, तुजी सासू न्हवं." संध्याकाळी घरी येऊन तिनं आत्यांनाही सांगितलं, "तुमची सून लावती कमी आन् पळती जास्त." मला रागही आला आणि रडूही.

तरी दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याजणी माझ्या खाचरात उतरल्या. गुरं त्या दिवशी वरच्या माळाला गेली होती. घंटा एकदाही वाजली नाही. दुपारी दारातून डोकावले, आत्यांचे डोळे मिटलेले होते, तशीच फिरले. गुडघाभर चिखलात कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. लई बरं वाटलं.

दिवेलागणीला घरी आले तर आत्या ओल्या गोधडीत. सकाळपासून तशाच. माझा पारा चढला. "अवो, मग घंटा कशाला दिलीय तुमाला?"

कूस बदलायला गेले तर त्यांची मूठ उघडेना. घंटेतला लोलक त्यांनी आत घट्ट धरून ठेवला होता, चुकूनही वाजू नये म्हणून. तळहातावर वळ उठला होता.

जड जिभेनं त्यांनी एवढंच विचारलं, "लावनी... झाली?"

"झाली, आत्या. समदी झाली."

पाणी तापवलं, त्यांना पुसून घेतलं. गोधडी धुताना रडत होते. या घरात कोंडलेली मी एकटीच आहे, असं वर्षभर धरून बसले होते.

अजून चिडते मी, भांडीही आपटते. पण घंटा वाजली तर उठताना आता राग येत नाही. आणि बराच वेळ वाजली नाही, तर मीच जाऊन त्यांची मूठ बघते.