खरकटं दळायची चक्की

गेल्या वर्षी मी सलग तीन दिवस रागात होतो, आणि रागाचं कारण बेसिनखाली लटकत होतं.

झालं असं, की माझा मुलगा प्रशांत पुण्याहून आष्ट्याला आला तो एक जड खोकं घेऊनच. आत खरकटं दळायची चक्की होती. बेसिनच्या भोकाखाली बसवायची, वरून उरलंसुरलं टाकायचं, नळ सोडायचा आणि बटण दाबायचं. सगळ्याचं पाणी होऊन पाइपातून निघून जातं म्हणे.

माझी बायको सुमन खोक्याकडं बघत म्हणाली, "मग म्हशीला काय घालू?"

"आई, म्हशीला पेंड घाल की."

"आन् खरकटं मशिनीला? दूध ती देनार हाय का?"

विषय खरं तर इथंच संपायला हवा होता. पण प्रशांत म्हणाला, "बसवायला प्लंबर बोलवावा लागेल," आणि माझं डोकं फिरलं. सतरा वर्षं मी लष्करात ट्रकची इंजिनं उतरवली आणि चढवली. बेसिनखाली एक डबा टांगायला मला प्लंबर लागणार होता?

"आपला भगवान हाय की," सुमन हळूच म्हणाली.

"त्याचं नाव काढू नको," मी म्हणालो.

भगवान म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. दुष्काळी आटपाडीला नळाची कामं करतो. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या नव्या घराच्या न्हाणीचं काम त्यानंच केलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी नेमका एक नळ गळायला लागला, आणि मी भरल्या पंगतीत म्हणालो, "आटपाडीत पानीच न्हाई, तर नळाचं काम शिकलास कुठनं?" पंगत हसली. भगवान ताटावरून उठला आणि गेला, तो परत आमच्या उंबऱ्यावर आला नाही. तेव्हापासून भाऊबीजेला सुमनच आटपाडीला जायची. (भाऊबीजेला भावानं बहिणीकडं यायचं असतं, हे ती दरवर्षी एसटीत चढताना मला ऐकवायची.)

दुसऱ्या दिवशी प्रशांत पुण्याला गेला आणि मी कामाला लागलो. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी ते वाचलं नाही. वाचून दुरुस्ती करणाऱ्या माणसांचा मला आधीपासून राग आहे.

चक्की पाट्या-वरवंट्याएवढी जड होती. एका हातानं ती वर धरून दुसऱ्या हातानं आटे बसवणं जमेना. तेव्हा मी शेजारच्यांकडून ट्रॅक्टरचा जॅक आणला, चक्की त्यावर ठेवली आणि दांडा मारायला लागलो. चक्की वर गेली. भोकाला टेकली. मी आणखी दोन दांडे मारले, जरा घट्ट बसावी म्हणून.

"आवं," वरून सुमनचा आवाज आला, "बेसिन चाललंय."

"कुठं चाललंय?"

"वर."

बाहेर येऊन बघतो तर बेसिन कट्ट्यातून चार बोटं वर आलेलं, आणि आतली भांडी घसरून एका कोपऱ्यात गोळा झालेली. जॅक उतरवला, बेसिन परत दाबून बसवलं, कडेनं सिमेंट भरलं. तरी दुपारपर्यंत चक्की लागली. केळ्याची साल टाकली, बटण दाबलं. घर्र झालं आणि साल गायब. मी सुमनकडं असं बघितलं, की जणू चक्कीचा शोधच मी लावला होता.

"उसाची चिपाडं जातील?" तिनं विचारलं.

चिपाडं अडकणार हे तिला ठाऊक होतं. आजही माझं तेच मत आहे. पण रागावलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मी म्हणालो, "चिपाडं काय, अख्खं कांडं जाईल." आणि आम्ही सकाळी खाल्लेल्या उसाची पाटीभर चिपाडं आत कोंबली.

चक्की एकदा गुरगुरली, दोनदा कण्हली आणि थांबली. परत बटण दाबलं तर नुसती घुंऽऽ करत राहिली. मग वास सुटला. मग घुंऽऽसुद्धा बंद झालं.

ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस मी रागानं चक्की काढत होतो आणि रागानं बसवत होतो. प्रत्येक वेळी एक बोल्ट जास्त उरत होता. पाइपाचा जोड गळायला लागला म्हणून त्याला सुतळी गुंडाळली, तर पाणी सुतळीवरून शिस्तीत वाहत थेट तांदळाच्या डब्यात. सुमन परसात बसून भांडी घासायची. भांडी रागानं घासली की त्यांचा आवाज वेगळाच येतो. तो आवाज मला स्वयंपाकघरात, पडवीत आणि गोठ्यातसुद्धा ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "भगवानला बोलावलंय मी."

"मला न विचारता?"

"भावाला बोलवायला विचारायचं असतंय व्हय?"

भगवान दोन तास मोटारसायकल चालवून आला. माझ्याकडं बघितलं नाही. पिशवी खाली ठेवली, सरळ बेसिनखाली पाठ टेकली आणि आतून म्हणाला, "आक्का, दाजीस्नी इचार, हेच्यात काय टाकलं हुतं?"

मी त्याच्या पायापासून हातभर लांब उभा होतो. सुमन माझ्याकडं वळली. "काय टाकलं हुतं?"

"चिपाडं," मी म्हणालो.

"चिपाडं म्हनत्यात," तिनं बेसिनखाली सांगितलं.

भगवाननं आतून चक्कीवर दोन टिचक्या मारल्या. मग, "आक्का, दाजीस्नी इचार, खोक्यात सा कोनाची एक किल्ली आसती, ती कुठं हाय?"

खोकं गोठ्यात होतं आणि त्यात कोंबडी अंड्यावर बसली होती. मी हात घातला, तिनं टोच मारली. किल्ली मिळाली, बोटातून रक्त आलं, आणि त्याचाही राग मी भगवानवरच धरला.

चक्कीच्या तळाला एक भोक होतं. मला ते बनवणाऱ्याची चूक वाटलं होतं. भगवाननं त्यात किल्ली घालून दोन-तीन हिसडे दिले, वरून पकडीनं चिपाडाचे दोरे ओढून काढले, जोडावरची सुतळी फेकून नवं रबरी वायसर टाकलं, अडकलेली चक्की परत सुरू करायचं तळाचं लाल बटण दाबलं आणि म्हणाला, "आक्का, लाव."

सुमननं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं. भगवाननं वायर तपासली, बटण परत दाबलं, घाम पुसला. त्याचे कान लाल झाले होते. सुमन एकदा त्याच्याकडं आणि एकदा बंद पडलेल्या चक्कीकडं बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. भावाला आणलं ते त्याची फजिती करायला, असं झालं होतं तिला.

मी ऐटीत खिशात हात घातला. हाताला काहीतरी गार आणि गुळगुळीत लागलं. चक्कीच्या लाइनीचा फ्यूज. काम करताना शॉक बसू नये म्हणून मी आदल्या दिवशी काढून सदऱ्याच्या खिशात टाकला होता, आणि विसरलो होतो.

मला तो तिथंच राहू देता आला असता. कुणाला कळलं नसतं. मी तसा विचार केलाही, मोजून अर्धं मिनिट. मग सुमनच्या तोंडाकडं बघितलं, फ्यूज काढला आणि कट्ट्यावर ठेवला.

"भगवान," मी म्हणालो, "चूक माझी हाय. ही बी आन् पंगतीतली बी."

त्यानं फ्यूज उचलून जागेवर बसवला आणि चक्की घर्रकन फिरली. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "दाजी, त्यो नळ गळत हुता ते खरं हाय. वायसर हलकं घातलंतं मी."

सुमन पदरानं डोळे पुसत आमच्यावरच खेकसली, "तीन वरसं एका वायसरापायी?"

भगवान जेवून गेला. चक्की चालू आहे, चिपाडं म्हशीला जातात. शेजारच्यांनी तसलीच चक्की मागवली आणि बसवायला भगवानलाच बोलावलं. तो मला म्हणाला, "दाजी, चला संगं. निस्ती उजेडाला बॅटरी धरा." मी गेलो. शेजारीणबाईंनी विचारलं, "हे पण प्लंबर हायत का?" भगवान बेसिनखालून म्हणाला, "न्हाई, शिकत्यात. पर बॅटरी अजून वाकडीच धरत्यात."