वळायला कुणी शिकवलं?

दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या तयार करायचं काम बाई एकतीस वर्षं करत होत्या. मेणात एकेक दात बसवायचा, साचा करायचा, कवळी घासून गुळगुळीत करायची. सगळं स्टुलावर बसून. छप्पन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, साखरही वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला."

"चालायचा मला कंटाळा येतो हो. लहानपणी मी स्केटिंग करायचे. तेच पुन्हा सुरू केलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी गुडघे पुन्हा एकदा दाबून पाहिले. "करा. पण हेल्मेट आणि पॅड घालून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली."

बाईंना आपलं स्केटिंग लख्ख आठवत होतं. शाळेमागचं सिमेंटचं मैदान, चाकांची खरखर, कानात शिरणारा वारा. म्हणून पहिल्या दिवशी रिंकवर त्या ऐटीत उभ्या राहिल्या आणि पापणी लवायच्या आत उताण्या पडल्या.

शिकवणाऱ्या सरांनी हात देऊन उठवलं. "पूर्वी केलंय म्हणालात ना? तेव्हा ब्रेक कुठे होता, पुढे की मागे?"

बाई डोकं खाजवायला गेल्या, तर हात हेल्मेटवर आपटला. "आठवत नाही."

"मग थांबायचात कशा?"

तेही आठवेना. वारा आठवत होता, थांबणं नाही.

घरी यजमान म्हणाले, "अगं, सवय मोडली असेल. सायकल कुणी विसरतं का?"

"तेच तर म्हणते मी! कुणी विसरत नाही, मग मीच कशी विसरले?"

त्यांनी ताईला फोन लावला. ताई दोन वर्षांनी मोठी.

"तू कुठली गं स्केटिंग करणार?" ताई म्हणाली. "मी करायचे. तू पायरीवर बसून माझ्या चपला राखायचीस."

"काहीतरीच काय! कानात वारा शिरायचा, मला चांगला आठवतोय."

"तो माझ्या कानात शिरायचा. घरी जाताना मी तुला सगळं सांगायचे."

दुसऱ्या दिवशी कामावर बाईंनी कवळीत उजवीकडची दाढ डावीकडे बसवली. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वारा जर ताईचा असेल, तर आपलं म्हणून सांभाळलेलं आणखी काय काय तिचं आहे? डोक्याचा नुसता भुगा झाला.

तरी त्या रिंकवर गेल्या, कारण स्केटिंग कुणाचंही असो, गुडघे त्यांचेच होते.

"सर, मी पूर्वी केलंच नव्हतं म्हणे."

"म्हणे?"

"ताई म्हणते."

सरांनी कठड्याकडे बोट दाखवलं. "मग पहिल्यापासून शिकवू?"

"शिकवा. म्हणजे... हो, शिकवाच."

आधी कसं पडायचं ते शिकल्या, मग गुडघे वाकवून कसं उभं राहायचं ते. महिन्याभरात कठडा सुटला. आणि एका सकाळी कोपऱ्यावर वळताना त्यांचा उजवा पाय आपसूक डाव्याच्या पुढून पलीकडे पडला.

"हे कुणी शिकवलं?" सर ओरडले. "मी अजून घेतलंच नाही हे!"

बाई इतक्या दचकल्या, की धप्पकन खालीच बसल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी ताईला बोलावून बाकावर बसवलं आणि तिच्यासमोर तशाच वळल्या. ताईचा चेहरा उतरला.

"अगं, असं मी कधीच वळले नाही. पाय ओलांडायची मला भीती वाटायची."

"मग मी हे पाहिलं कुणाचं?"

"तिथे आपण दोघीच तर असायचो." ताईने बाईंच्या पायांतले स्केट्स न्याहाळले. मग हळूच म्हणाली, "मी तुला माझे स्केट्स द्यायचे का गं कधी?"

"मला काय विचारतेस? तुझ्याच साक्षीवर महिनाभर डोकं धरून बसलेय मी!"

आता साखर उतरलीय, जिनाही त्या न थांबता चढतात. पूर्वी करायचात का, असं कुणी विचारलं तर बाई आधी "हो" म्हणतात, मग "नाही" म्हणतात, आणि मग ताईचा नंबर देतात.